सुटतो का ते बघा

जनावराला बांधलेली गाठ पक्की बसली का, हे सगळेच बघतात. ती एका ओढीत सुटते का, हे कुणी बघत नाही. मी गुरांची डॉक्टर आहे आणि गेली सतरा वर्षं गोठ्यागोठ्यातून हेच ओरडत फिरतेय. घोडी बिथरली, दाव्याला लटकली, तर फास आवळत जातो आणि मालक सुरी शोधत सैरावैरा धावत सुटतो. म्हणून माझ्यासमोर कुणी गाठ मारली की मी ती आधी सोडायला लावते. लोक वैतागतात. माझ्या पाठीमागे मला ‘सोडाबाई’ म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणू देत.

एवढं सगळं असून जिथे बघायला हवं होतं तिथे मी बघितलं नाही. समोर सख्खा भाऊ होता, म्हणून.

त्याला घरीदारी सगळे पाना म्हणतात. चौथ्या वर्षी तो वडिलांच्या पेटीतला पाना उशाशी घेऊन झोपायचा, तेव्हापासून ते नाव चिकटलं. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याला सायकल मी शिकवली, गाडी मी शिकवली. शाळेत त्याने दिवे लावले तेव्हा वडिलांशी भांडून त्याला गॅरेजात मी घातला. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, आणि चिखलात गाड्या पळवायच्या स्पर्धांमध्ये त्याचं नाव आहे. हे मी कौतुकाने सांगत असे. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत असे.

माझी जीप ही माझ्या पोटापाण्याची गाडी. सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, मग चाळीस किलोमीटर डांबरी रस्ता, आणि त्यापुढे शेतांचे, गोठ्यांचे, जिथे रस्ता म्हणायचीही लाज वाटावी असे चिखलाचे पट्टे. मागच्या वर्षी एक गाय अडली होती. गोठा समोर दिसत होता आणि माझी जीप चरात अडकली. मागचं एक चाक नुसतं गरागरा फिरतंय आणि दुसरं चाक लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखं जागच्या जागी. शेवटी बॅग डोक्यावर घेऊन मी चिखल तुडवत गेले. गाय वाचली, वासरू गेलं. दुसऱ्या दिवशी मी पान्याच्या दारात उभी होते.

त्याने मला बाकावर बसवून समजावलं, आणि चांगलं समजावलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगाने पळू देणारा गिअरचा गोळा म्हणजे डिफरन्शियल. रस्त्यावर तो देवमाणूस, पण चिखलात त्याचा हाच चांगुलपणा नडतो. सगळी ताकद तो घसरणाऱ्या चाकाला देऊन बसतो. मग दोन्ही चाकं एकत्र बांधायला लॉकर लागतो.

“लॉकर म्हणजे दागिने ठेवायचा?” मी विचारलं.

“ताई, नीट ऐक. एक लॉकर आपोआप लागणारा. जोर दिला की लागतो, वळलीस की सुटतो. म्हणजे सुटायला पाहिजे. शेतात तो राजा आहे. पण ओल्या डांबरावर, वळणात, तू जरा अ‍ॅक्सिलरेटर दिलास की दोन्ही चाकं अचानक बांधली जातात आणि मागची बाजू निघते बाहेर. पोरीला शाळेत सोडतेस तू. रोजच्या गाडीला तो मी तुला बसवू देणार नाही.”

हे त्याचे शब्द. मला ते तोंडपाठ आहेत, कारण पुढे मी ते मनात शंभर वेळा घोळवले.

“आणि दुसरा?”

“दुसरा बटणावर चालतो. हवेच्या दाबाने. बटण दाबलं की लॉक, बंद केलं की गाडी पुन्हा साधी. चिखलात शिरताना दाब, बाहेर आलीस की सोड. महाग आहे, मागवावा लागेल, पण तुला हाच.”

मी आठ दिवस विचार केला. नवरा गणित शिकवतो, त्याने नेहमीप्रमाणे कागदावर दोन रकाने पाडले. आणखी दोन मेकॅनिकना विचारलं. सगळ्यांचं म्हणणं पान्यासारखंच होतं. मग बटणाचा मागवला. पाच आठवड्यांनी तो आला, तेव्हा खोक्यातला तेलकट कागद उलगडून पान्याने मला दाखवला. हातात घेतला तर महिन्याच्या करडाइतका जड आणि तितकाच गुळगुळीत. त्याने तो पुन्हा खोक्यात घातला आणि खोकं फळीवर ठेवलं.

पुढच्या आठवड्यात गाडी तयार झाली. मी गेले तेव्हा मागची दोन्ही चाकं उचललेली होती. डॅशबोर्डखाली नवं बटण होतं. ते दाबलं, कॉम्प्रेसर टर्रर्र वाजला, लाल दिवा लागला. पान्याने एक चाक हाताने पुढे फिरवलं, पलीकडचंही पुढे फिरलं.

“बघ, दोन्ही बांधली गेली.”

मी टाळ्या वाजवल्या. अक्षरशः वाजवल्या. आता बटण बंद करून दाखव, असं मी म्हणाले नाही. जी बाई परक्या माणसाच्या दाव्याची गाठ सोडून बघते, ती भावाने लावलेल्या लॉकरला टाळ्या वाजवून किल्ली घेऊन घरी आली.

चिखलात गाडी एकदम झकास चालली. डांबरावर मात्र वळणावर मागून कट्‌ कट्‌ असा आवाज यायचा. मी फोन केला.

“नवीन आहे गं. बसायला वेळ लागतो. हजारभर किलोमीटर जाऊ दे.”

‘जरा लंगडतेय, होईल आपोआप बरी’ म्हणणाऱ्या मालकांना मी आजवर फैलावर घेत आले. इथे मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी रिमझिम होती. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर माझा वेग तिशीच्या आत होता. वळणातून बाहेर पडताना मी अ‍ॅक्सिलरेटरवर जरासा पाय ठेवला आणि मागची बाजू सरकन निघून गेली. जीप गर्रकन फिरली आणि कठड्यावर आदळली. आदळली ती मुलीच्या बाजूने. तिचं कोपर दोन ठिकाणी मोडलं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसतं “आई, हात” म्हणाली. ती दहा वर्षांची होती.

दवाखान्यात नवरा धावत आला. झालं कसं, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मागोमाग पाना आला, तसाच ग्रीसने माखलेल्या कपड्यांत. आधी त्याने भाचीच्या हाताकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “ताई, बटण चालू राहिलं असेल तुझ्याकडून. काल शेतातून बाहेर पडताना बंद करायला विसरली असशील. होतं असं कधीकधी.”

आदल्या संध्याकाळी मी बटण वापरलं होतं, हे खरं. बंद केलं होतं का? रोज करायची गोष्ट आपण कालही केली का, हे शपथेवर कोण सांगणार? मी आठवायला गेले आणि आठवता आठवता सगळंच पुसट झालं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला पुरलं.

तेवढ्यात खाटेवरून मुलगी म्हणाली, “दिवा बंद होता. मी बघितला होता.”

बटण तिच्या गुडघ्यासमोरच होतं, तिला दिसणारच. पण मला वाटलं, पोरगी आईला पाठीशी घालतेय. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, औषधाची गुंगी होती, आणि मी, शहाणी, सगळ्यांसमोर तिला म्हणाले, “माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही. चूक झाली तर झाली म्हणायचं.”

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला, हे लिहिताना आज जीव लाजेने अर्धा होतो.

त्यानंतर चार महिने मी गाडीला हात लावला नाही. एकदोनदा किल्ली उचलली आणि परत खणात टाकली. फिरतीचं काम दुसऱ्या डॉक्टरला देऊन मी लशींच्या गोदामात बसायला लागले. तिथे फ्रीजचं तापमान दिवसातून तीनदा लिहायचं. ज्या हातांनी आडवी वासरं फिरवून बाहेर काढली, ते हात थर्मामीटर वाचत होते. सोडाबाई कुठे गेल्या, असं गोठेवाले विचारायचे म्हणे. मुलीचा हात बरा झाला, पण पूर्ण सरळ होत नाही, बोटभर कमी पडतो. शाळेतून आल्यावर ती मला एकूण एक गोष्ट सांगायची, ते तिने बंद केलं. अपघाताची धास्ती असेल, होईल हळूहळू, असं मी धरून चालले. पाना दर रविवारी यायचा, भाचीसाठी काहीतरी आणायचा आणि फार वेळ बसायचा नाही.

गाडी ठाकठीक होऊन दारात उभी होती. शेवटी विकायचं ठरलं. ‘रोज समोर दिसते आणि तुला त्रास होतो,’ असं नवरा म्हणाला. खरं होतं ते.

घ्यायला आला तो एक मोजणीदार, जमिनी मोजत फिरणारा. काडी तुटलेला चष्मा दोऱ्याने बांधलेला आणि स्वतःचा जॅक स्वतःबरोबर. त्याने बॉनेटकडे बघितलंही नाही. मागची दोन्ही चाकं उचलली, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि म्हणाला, “लॉकर आहे म्हणालात ना?”

मी बटण दाबलं. टर्रर्र झालं, लाल दिवा लागला. “फिरवून बघा,” मी म्हणाले.

“लागतो ते राहू द्या. सुटतो का ते दाखवा.”

माझे कान गरम झाले. सतरा वर्षं लोकांना ऐकवलेलं वाक्य कुणीतरी माझ्याच अंगणात माझ्याच तोंडावर मारलं होतं. मी बटण बंद केलं. दिवा विझला. त्याने डावं चाक पुढे फिरवलं. उजवंही पुढे फिरलं.

“बटण बंद आहे ना, बाई?”

“बंद आहे.”

“मग पलीकडचं उलटं फिरायला पाहिजे.” त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. मग तो उकिडवा बसला आणि चष्मा पुसला. “तुमच्या लॉकरला बटणाचं काही ऐकूच येत नाही.”

तो गाडीखाली सरकला. थोड्या वेळाने मलाही खाली बोलावलं. कॉम्प्रेसरपासून निघालेली निळी नळी चॅसिसवरून नीट मागपर्यंत आली होती. एक्सलच्या वर तिच्या तोंडात स्क्रू ठोकला होता आणि ती ब्रेकच्या पाइपला सुबक बांधून ठेवली होती. “हवा आत न्यायला या लोखंडी घराला भोक पाडावं लागतं,” तो म्हणाला. “इथे भोकच नाही. आत आपोआप लागणारा आहे, वापरलेला. ज्याने बसवलाय त्याने काम मात्र सफाईने केलंय.”

सफाईने. ते मला माहीत होतंच.

मोजणीदार गाडी न घेताच जॅक उचलून गेला. ‘माझी बायकोही चालवते गाडी,’ एवढंच जाताना म्हणाला. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. आधी जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू. मी विसरले नव्हते! चार महिने ज्या बाईला मी पिंजऱ्यात उभं केलं होतं तिने काहीच केलं नव्हतं. मग खांद्यावर ठेवलेला तो हात आठवला, आणि अंगाचा असा भडका उडाला की गॅरेजपर्यंतचा रस्ता मी कसा चालत गेले ते आठवत नाही.

पान्याची स्पर्धेची गाडी आयतीच उचललेली होती. फळीवर, जिथे माझं खोकं होतं तिथे, एक चकचकीत कप होता.

“ताई! चालत आलीस?”

“तुझ्या गाडीचं बटण बंद आहे?”

“आहे. का गं?”

मी त्याच्या गाडीचं चाक पुढे फिरवलं. पलीकडचं उलटं गेलं. “आता चालू कर.”

“ताई…”

“कर म्हणते ना.”

त्याने बटण दाबलं. मी फिरवलं. दोन्ही चाकं एका दिशेने गेली. “बंद कर.” पुन्हा उलटी. “छान सुटतो रे तुझा,” मी म्हणाले.

त्याच्या हातात पाना होता. तो त्याने बाकावर ठेवला, पुन्हा उचलला. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. “पंधरा दिवसांचा प्रश्न होता, ताई. त्या वेळचा ट्रॅक सगळा वळणांचा होता. बटणवाल्याशिवाय माझा निभाव लागला नसता. तुझं खोकं समोर फळीवर दिसत होतं. म्हटलं, तात्पुरता माझा तुला, तुझा मला. कप झाला की परत बदलणार होतो.”

“झाला की कप.”

“मग पुढची फेरी आली.”

“आणि मग मी धडकले.”

त्याने कपाकडे पाठ केली.

“रोजच्या गाडीला तो बसवू देणार नाही, हे कोण म्हणालं होतं? पोरीला शाळेत सोडतेस, हे कोण म्हणालं होतं?”

“मी.”

“तरी गाडीचं एक वेळ मी पोटात घातलं असतं. तुझी हाव म्हणून सोडून दिलं असतं. पण दवाखान्यात तू काय म्हणालास?”

“घाबरलो होतो.”

“घाबरलेला माणूस गप्प बसतो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, पाना.”

तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत. “तुला काही होणार नव्हतं, ताई. तुला सगळे माफच करणार होते. मला कुणी केलं नसतं.”

असा केसाने गळा कापतात. आणि वर हिशेब कसा, तर तुझा गळा जाड आहे, तुला चालेल. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, ती माझी भलाई नाही, मला आधी लॉकर हवा होता.

“माझा लॉकर काढ,” मी म्हणाले. “मी इथे बसलेय.”

चार तास लागले. तो मध्येच म्हणाला, “आजच तुझ्या गाडीला बसवून देतो.” मी म्हणाले, “तू नाही.” लॉकर तेलकट कागदात गुंडाळून झाल्यावर मी त्याला सांगितलं, “आता घरी चल. मला सांगितलंस ते तिला सांग.”

मुलगी टेबलावर अभ्यास करत होती, नवरा शेजारी बसून गणितं तपासत होता. “मामा, बस ना,” म्हणत तिने खुर्ची ओढली. तो बसला नाही. दारात उभ्या उभ्या, अडखळत, त्याने सगळं सांगितलं. खोकं, कप, नळीतला स्क्रू, दवाखान्यातलं वाक्य. नवरा मध्येच उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मुलगी मामाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“म्हणजे दिवा बंदच होता,” ती म्हणाली.

“हो.”

“मी सांगितलं होतं.”

“हो.”

“तू म्हणालीस, खोटं बोलू नकोस. सगळ्यांसमोर म्हणालीस.”

दिवसभर मी भावाचं माप काढत होते, आणि इथे माझंच माप घेणारी बसली होती. भावाच्या तोंडचं मी एका क्षणात खरं मानलं होतं. जिने डोळ्यांनी बघितलं होतं तिला मी खोटारडी ठरवलं, आणि वर तिला खरं बोलायचा धडा दिला.

“चूक झाली तर झाली म्हणायचं, असंही म्हणालीस,” ती म्हणाली.

“झाली,” मी म्हणाले. “माझी चूक झाली. तू खरं सांगत होतीस.”

तिने पेन उचललं. “बरं,” म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. गळ्यात पडली नाही, काही नाही. पाना म्हणाला, “ताई, मी जाऊ?” त्याच्यासाठी ओढलेल्या खुर्चीवर मी बसले. तो गेला. त्यानंतर त्याचे फोन येतात, मी उचलत नाही. कधीतरी उचलीन, असं नवरा म्हणतो. त्याने कागदावर रकाने पाडून बघावं.

लॉकर दुसऱ्याच एका गॅरेजात, पिकल्या केसांच्या एका मिस्त्रीकाकांकडून बसवून घेतला. रविवारी मी मुलीलाही बरोबर नेलं. मागची चाकं उचललेली होती. काकांनी मोठ्या हौसेने बटण दाबून चाकं फिरवून दाखवली.

“लागतो ते कळलं,” मी म्हणाले. “आता सुटतो का ते आम्ही बघतो.”

मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मी मागे चाकाशी उकिडवी बसले. तिथून डॅशबोर्ड दिसत नाही.

“बंद करू?” तिने आतून विचारलं.

“कर.”

सूं करून हवा सुटली. मग तिचा आवाज आला, जरा सावध. “बंद केलं. दिवा बंद आहे, आई. येतेस बघायला?”

“नको,” मी म्हणाले. “तू सांगितलंस ना.”

मी चाक पुढे फिरवलं. पलीकडचं उलटं फिरलं. काकांनी मान डोलावली आणि गाडी जॅकवरून खाली घेतली. मी हात पुसून उठले, तिला पलीकडे सरकायला सांगितलं आणि स्टिअरिंगवर बसले. घरी जायच्या रस्त्यावर पाण्याच्या टाकीचं वळण आलं, तेव्हा मी न विचारताच ती म्हणाली, “बंद आहे,” आणि मी वळण घेतलं.